गुड फ्रायडेची घंटा

आमच्या बेटावर सगळ्यात भित्रं माणूस कोण, असं कुठल्याही शेंबड्या पोराला विचारा. ते नांग सिद्राच्या घराकडे बोट दाखवील. मोठ्या बाईला आम्ही नांग म्हणतो आणि मोठ्या पुरुषाला नोंग. तो मान तिलाही मिळतो, पण हाक मारणाऱ्याच्या ओठावर हसू असतंच. ती विजेला घाबरते, पालीला घाबरते, माडाखालून जाताना डोक्यावर परात धरते. कोंबडी एक दिवस खुडूक बसली तरी ती देवापुढे मेणबत्ती लावते. आणि ही बाई पोट कशावर भरते? तर पाहुण्यांना समुद्रात नेऊन मासे दाखवण्यावर!

बाहेरची माणसं विचारतात, नवरा बुडाला का हो तिचा? भाऊ गेला का पाण्यात? छे. नवरा चांगला धडधाकट आहे, झुंजीचे कोंबडे पाळतो आणि दुपारभर घोरतो. तिच्या भीतीला कारण म्हणून काही नाही. कुणाचे केस कुरळे असतात, तशी ती भित्री आहे. आमच्या किनाऱ्यालगतचा प्रवाळाचा पट्टा राखीव झाला, मासेमारी बंद झाली आणि पाहुणे यायला लागले, तेव्हा ठरलं की प्रत्येक घरातून एका माणसानं वाटाड्या व्हायचं. नवरा म्हणाला, मला पाण्यानं सर्दी होते. मग सिद्रा गेली. रडत गेली, पण गेली.

तिच्याबरोबर पाण्यात उतरणं म्हणजे एक तमाशाच असतो. आधी ती गुडघाभर पाण्यात उभी राहून पाण्यात राहणाऱ्या त्या न दिसणाऱ्या मंडळींना हळू आवाजात सांगते, "ताबी, ताबी, जरा बाजूनं जातो हं आम्ही." मग प्रत्येक पाहुण्याच्या जॅकेटचा पट्टा स्वतः ओढून बघते. मग दोरी लावलेली हवेची रबरी कडी सगळ्यांना धरायला लावते, आणि मिनिटामिनिटाला डोकी मोजते. दोनच पाहुणे असले तरी मोजते. बाकीच्या वाटाड्या बायका पाहुण्यांना लांबच्या कड्यापर्यंत नेतात, कासवं दाखवतात, बक्षिसी मिळवतात. सिद्राचे पाहुणे किनाऱ्याजवळचेच मासे बघून परत येतात. माझं किनाऱ्यावर शहाळ्यांचं आणि चहाचं दुकान आहे. तिथं बसून मी तिला कितीदा तरी चिडवलंय, "नांग सिद्रा, यापेक्षा परातीत पाणी घे आणि त्यात सुकट सोड!"

तिची एकुलती एक पोरगी जेसिल. सेबू शहरात फोनवर गोऱ्या लोकांच्या तक्रारी ऐकण्याची नोकरी करते. तीन वर्षांनी पवित्र आठवड्याच्या सुट्टीत ती घरी आली, ती गुरुवारी संध्याकाळी. शनिवारी सकाळी परत जाणार. म्हणजे हातात राहिला एकच दिवस, तो नेमका शुक्रवार.

आता त्या शुक्रवारी आमच्याकडे काय काय करायचं नसतं, ते ऐकून घ्या. आंघोळ करायची नाही. झाडू मारायचा नाही. खिळा ठोकायचा नाही, कारण त्या दिवशी खिळे कुणाला ठोकले ते सगळ्यांना ठाऊक आहे. मोठ्यानं हसायचं नाही. होड्या वाळूवर ओढून ठेवायच्या, इंजिनाला हात लावायचा नाही. देव मेलेला असतो. तो आपल्याकडे बघत नसतो, त्यामुळे त्या दिवशी झालेली जखम भरत नाही, असं म्हातारी माणसं सांगतात. आणि देवळातली घंटा गुरुवारपासून मुकी असते. शनिवारी रात्रीच्या प्रार्थनेपर्यंत तिला कुणी शिवायचं नाही. लोकांना बोलवायला नोंग तेबान लाकडी टाळ खडखडवत गावातून फिरतो. तोच देवळाचं सगळं बघतो, घंटेची दोरी गुंडाळून उंच खुंटीला अडकवून ठेवतो. एरवी त्या घंटेचा दुसराही एक उपयोग असतो. समुद्रात कुणी हरवलं की ती घाईघाईनं वाजवायची, मग हातातला घास टाकून गडी माणसं होड्यांकडे धावतात. त्या तीन दिवसांत मात्र कुणी हरवायचंच नाही, असा आमचा आणि समुद्राचा करार.

शुक्रवारी सकाळी मायलेकी भांडत भांडत माझ्या दुकानासमोर आल्या. जेसिलच्या हातात आईचे पाण्यात घालायचे दोन चष्मे, दोन नळ्या आणि पायांत घालायचे रबरी पंखे होते.

"आई, तू जर्मन बाईला नेतेस, जपानी म्हाताऱ्याला नेतेस, आणि पोटच्या पोरीला नाही?"

"उद्या नेते. देवाशप्पथ उद्या नेते."

"उद्या मी बोटीत असेन. सव्वीस वर्षांची झाले, या बेटावर जन्मले आणि मी त्या पाण्यात कधी डोकं घालून बघितलं नाही. ऑफिसात सगळे विचारतात, तुमच्याकडचे मासे कसे आहेत? मी काय सांगू? तळलेले छान लागतात?"

मला हसू आलं. सिद्रानं लगेच माझ्या तोंडावर हात ठेवला. "हसू नको गं! आज हसू नको!"

"आई, देव मेलाय ना आज? मग त्याला ऐकू कसं जाईल?" जेसिल म्हणाली.

सिद्राचा चेहरा असा उतरला की मला तिची दया आली. मग ती माझ्याकडे वळली. "विर्गी, मी आज पाण्यात पाय घालणार नाही. पण ही ऐकायची नाही, मी झोपले की एकटी जाईल. तू जा हिच्याबरोबर. तू तर कशालाच घाबरत नाहीस."

माझ्याबद्दल गावात असं बोललं जातं खरं, आणि मी ते कधी खोडून काढलं नव्हतं. मी दुकानाची फळी लावली.

जॅकेटं वाटाड्यांच्या संस्थेच्या खोलीत कुलूपबंद होती, किल्ली जिच्याकडे होती ती बाई उपास धरून देवळात. सिद्राच्या घरी फक्त तिची ती रबरी कडी होती. ती तिनं माझ्या हातात दिली, दोरीची गाठ तीनदा ओढून बघितली. "पिवळ्या पिंपांच्या आत राहा. बाराच्या आत बाहेर या. मी किनाऱ्यानं चालत राहते, मान वर काढली की मला बघा. मी दिसले पाहिजे तुम्हाला." तिनं निळी छत्री उघडली आणि आम्ही पाण्यात उतरायच्या आधीच ती चालायला लागली.

राखीव पट्ट्याची हद्द पिवळ्या पिंपांनी आखलेली आहे. पिंपांच्या आत पाणी पुरुष-दोन पुरुष, पलीकडे एकदम कडा तुटतो आणि खाली निळंकाळं काही तरी असतं, ज्याला तळ आहे असं ऐकून आहे. जेसिलनं पहिल्यांदा तोंड पाण्यात घातलं आणि लगेच बाहेर काढलं. मला वाटलं नळीत पाणी गेलं. तर ती ओरडली, "मावशी, अगं हे सगळं इथंच होतं? एवढी वर्षं?"

होतं तर. बशीएवढे पिवळे मासे काळे पट्टे मिरवत जोडीजोडीनं हिंडत होते. निळे-हिरवे पोपटमासे प्रवाळ कुरतडत होते, आणि तो कुरकुर आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येत होता, कुणी चकली खातंय तसा. समुद्रफुलाच्या लोंब्यांमधून नारिंगी मासे नाक बाहेर काढून आमच्यावर धावून येत होते आणि परत आत पळत होते. एक कासव गवत खात होतं, त्यानं आमच्याकडे ढुंकूनही बघितलं नाही. जेसिल माझा हात दाबत होती, बोट दाखवत होती, नळीतून काहीतरी बडबडत होती. मी मान वर काढली की निळी छत्री दिसायची. आम्ही थांबलो की ती थांबायची, आम्ही सरकलो की ती सरकायची. आमची पुरी राखण चालली होती.

मग जेसिलला वाळूच्या मोकळ्या तुकड्यावर एक खळगा दिसला. खळग्यावर एक मोठा मासा तिरपा होऊन फुंकर मारत होता. पाकोल होता तो. घरटं राखणारा पाकोल म्हणजे पिल्लं असलेली कुत्री. दात माणसासारखे, आणि त्या दातांनी तो शिंपले फोडतो. मी तिला मागे ओढलं, पण तिला तो जवळून बघायचा होता. त्यानं पाठीवरचा काटा उभा केला आणि सरळ आमच्या अंगावर आला.

पाण्यात मासा आपल्या दिशेनं पळत येतो ही गोष्ट ऐकायला गमतीची वाटते. त्यानं आधी माझ्या पायातल्या पंख्याचा तुकडा तोडला. मग जेसिलची टाच धरली. तिची किंकाळी नळीतून आली, गाढवासारखी, आणि पाण्यात तांबडा धूर पसरला. मी कडी धरून पाय मारत सुटले, तिला ओढत. कुठल्या दिशेनं, ते कुणी बघितलं? तो मागे होता, एवढंच ठाऊक. तो पुन्हा आला, पुन्हा वळला. शेवटी तो दिसेनासा झाला तेव्हा मी खाली बघितलं, आणि खाली काहीच नव्हतं. मासे नाहीत, प्रवाळ नाही, नुसता निळा अंधार.

मी मान वर काढली. पिवळी पिंपं आमच्या मागे होती. आणि ती लांब जात होती.

गुड फ्रायडे नेहमी पुनवेला धरून येतो, आणि पुनवेच्या ओहोटीला आमच्या बेटाच्या टोकाशी पाणी नदीसारखं धावतं. आम्ही पोहायला लागलो. मी लहानपणापासून या पाण्यात आहे, माझे हात वल्ह्यासारखे आहेत. पण आम्ही जितकं पोहत होतो तितका किनारा मागे जात होता, जणू कुणी बेटच ओढून नेतंय. तेव्हा मला भीती वाटली. बोटं बधिर झाली. मी जेसिलला "काही नाही, काही नाही" म्हणत होते आणि माझे दात वाजत होते. पाणी गरम होतं, ऊन डोक्यावर होतं, आणि दात वाजत होते.

किनाऱ्यावर निळी छत्री धावत होती. आम्ही टोकाकडे वाहत होतो आणि ती खडकांवरून टोकाकडे धावत होती. मग ती पडली. मग छत्री एकटीच वाऱ्यानं लोळताना दिसली. सिद्रा उठली, आमच्याकडे बघत क्षणभर उभी राहिली आणि पाठ फिरवून माडांत शिरली.

"आई गेली," जेसिल म्हणाली. "मावशी, आई कुठे गेली? ती का गेली?"

"होडी आणायला गेली असेल."

"आज?" ती म्हणाली. एवढंच.

देवळाच्या दिशेनं लाकडी टाळांची खडखड ऐकू आली आणि थांबली. बारा वाजले होते. आता सगळं गाव देवळात बसणार, क्रुसावर मरताना देव बोलला ते सात शब्द एकेक करून ऐकणार, आणि तीन वाजेपर्यंत उठणार नाही. होड्या वाळूवर ओढलेल्या. घंटा मुकी. आणि सिद्रा काय करणार होती? जी बाई कोंबडी ओरडली तर दार लावून घेते, ती कुणाला उठवणार होती? मी मनातल्या मनात तिला शिव्या दिल्या. मग वाटलं, शिव्या नको, आज शिव्याही मोजल्या जातील. बघा, मीसुद्धा!

टोक मागे पडलं. लाटा मोठ्या झाल्या. कडी दोघींच्या वजनानं निम्मी पाण्यात होती. जेसिलच्या टाचेतून रक्त येतच होतं. मी माझ्या डोक्याचा रुमाल सोडून तिच्या पायाला बांधला, तेवढ्यात तिला माझ्या पोटाखालून काहीतरी मोठं गेल्यासारखं वाटलं. मला काही दिसलं नाही. पण तिनं माझ्या गळ्याला मिठी मारली आणि आम्ही दोघी पाण्याखाली गेलो. मी तिला थोबाडीत मारली. वर येऊन पुन्हा मारली. मग ती रडायला लागली, आणि रडणारं माणूस निदान गळा धरत नाही.

"मावशी, ते कसं म्हणायचं गं? आई म्हणते ते?"

"ताबी."

"ताबी," ती पाण्याला म्हणाली. "ताबी, ताबी. चुकलं माझं. मी थट्टा केली. ताबी."

सकाळची ती चुरूचुरू बोलणारी पोर, आणि आता पाण्याच्या पाया पडत होती. मला हसू येण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. मीही तिच्याबरोबर म्हणायला लागले. कुणाला म्हणत होते, ठाऊक नाही. देव मेलेला होता, पाण्यातली मंडळी रागावलेली होती, आणि खाली बघायची माझी हिंमत नव्हती. माझा बाप सांगायचा, बुडणाऱ्याला शेवटी झोप येते. मला झोप यायला लागली की काय, असं वाटून मी पुन्हा पुन्हा डोळे ताणत होते.

तेव्हा घंटा वाजली.

मी खोटं सांगत नाही, ती ऐकून मला आनंद झाला नाही. माझ्या अंगावर सरसरून काटा आला. गुड फ्रायडेला, भर दुपारी, घंटा! माझ्या सबंध आयुष्यात असं झालं नव्हतं. माझ्या मनात पहिला विचार आला तो हा की जग बुडालं, आम्ही मेलो, आणि ही वरची घंटा आहे. ती शहाण्यासारखी वाजत नव्हती. वेडीवाकडी, धडपडत, मध्येच थांबत आणि पुन्हा जोरात.

"आई," जेसिल म्हणाली. तिनं कसं ओळखलं कोण जाणे. "मावशी, ती आई आहे."

मग आम्ही होडीची वाट बघायला लागलो. घंटा थांबली. होडी आली नाही. मी लाटेवर चढले की टोकाकडे बघायची, लाट उतरली की पुन्हा चढायची वाट बघायची. टोकाशी काहीच नव्हतं. मला आधीपेक्षा जास्त भीती वाटली. घंटा वाजण्याआधी निदान एक गोष्ट करायची राहिली होती. आता तीही झाली होती, आणि कुणी आलं नव्हतं. जेसिलनं बोलणं बंद केलं. तिचे ओठ निळे पडले होते, डोळे अर्धे मिटलेले. मी तिला चिमटे काढत होते.

होडी आली ती तोल धरणारी बाजूची उलांडी पाण्यावर आपटत, इंजिन फाटेस्तोवर दामटत. पुढे नोंग तेबान उभा होता, सणाचा पांढरा सदरा घालून. चार हातांनी आम्हाला आत ओढलं. जेसिलला फळीवर झोपवलं, कुणीतरी तिच्या अंगावर पोतं टाकलं. मी तेबानच्या पायाशी पडले आणि बोलता येताच म्हणाले, "घंटा वाजून युगं झाली! कुठे मेला होतात सगळे?"

"गुडघ्यांवर होतो," तेबान म्हणाला.

"काय?"

तो माझ्याशेजारी खाली बसला. "दुसरा शब्द चालला होता. ती दारातून आत आली. केस सुटलेले, गुडघे फुटलेले. मला म्हणाली, दोरी काढ. मी म्हणालो, नांग सिद्रा, शुद्धीवर ये, आज कुठला दिवस आहे? ती म्हणाली, दोरी काढ. मी खुंटीसमोर उभा राहिलो. तिनं मला ढकललं, विर्गी. मला! मी बाकावर पडलो. ती बाकावर चढली, दोरी काढली आणि लागली ओढायला."

"आणि तुम्ही?"

"लोकांना वाटलं, जगाचा अंत आला. घंटेला कुणी हात लावील हे कुणाच्या मनातच येईना. म्हाताऱ्या छाती बडवायला लागल्या, पोरं किंचाळायला लागली, सगळे जमिनीवर. मीसुद्धा. ती ओढतेय हे मी डोळ्यांनी बघत होतो, तरी मीसुद्धा." त्यानं तोंडावरून हात फिरवला. "मग ती थांबली. वेदीपुढे गेली, देव झाकलेल्या त्या काळ्या कापडापुढे. कधी आवाज चढवला होता का तिनं? ती ओरडली, उठा! देव रविवारी उठणारच आहे. माझी पोरगी उठणार नाही."

होडी किनाऱ्याकडे वळली. जेसिलनं पोत्यात तोंड खुपसलं.

सिद्रा किनाऱ्यावर नव्हती. बायकांनी सांगितलं, ती देवळातच आहे, हलायला तयार नाही. जेसिलला खुर्चीवर बसवून वर नेलं. सिद्रा दाराशी भिंतीला टेकून बसली होती, दोरीनं तळहात सोलवटलेले. पोरगी समोर आली तरी ती उठली नाही, तिनं गळा काढला नाही. तिनं जेसिलचा पाय मांडीवर घेतला, माझा रुमाल सोडला आणि टाच बघितली. आणि मग तिनं ती दोन्ही हातांनी दाबून धरली. घाबरून. "आजची जखम भरत नाही," ती म्हणाली. "आजची भरत नाही गं."

"भरेल आई."

"भरत नाही."

गावातली माणसं लांब उभी राहून बघत होती. कुणी तिला पाणी दिलं नाही, कुणी शाबास म्हणालं नाही. त्यांची पोर वाचली होती, पण त्यांचा देव भर झोपेत दचकवला गेला होता, आणि आता त्याचं काय होणार हे कुणालाच माहीत नव्हतं. तिच्या नवऱ्यानं नारळाच्या दुधातली रताळ्या-केळ्यांची बिनिग्नित वाडग्यात आणली. ती तिनं पोरीला चमच्याचमच्यानं भरवली, स्वतः थेंबभर घेतली नाही. संध्याकाळी मिरवणुकीत ती सगळ्यात मागे चालली, कुणी तिच्या शेजारी चाललं नाही म्हणून मी चालले. ती दर पावलाला आकाशाकडे बघत होती.

जेसिलनं परतीची बोट सोडून दिली. शनिवारी दुपारी समोरच्या मोठ्या बेटावरून फादर आला, तरुण आहे, मोटरसायकलवर फिरतो. रात्रीच्या प्रार्थनेआधी तो पापं ऐकतो. आमच्या देवळात त्यासाठी लाकडी खोलीबिली नाही. कोपऱ्यात एक प्लास्टिकची खुर्ची, तिच्यापुढे गुडघे टेकायचे, आणि मागे रांग. रांगेतल्या माणसानं छताकडे बघायचं आणि काही ऐकू येत नाही असं दाखवायचं. त्यामुळे आमच्या बेटावर कुणाचं पाप कुणापासून लपलेलं नाही.

सिद्रा माझ्या पुढे होती. जेसिल दाराजवळच्या बाकावर पाय लांब करून बसली होती. सिद्रानं गुडघे टेकले.

"फादर, मी काल घंटा वाजवली."

"मला कळलं," फादर हळूच म्हणाला. "नांग, जीव वाचवायला वाजवलीत. त्यात पाप नाही. उगाच घाबरू नका."

माझ्या मागे कुणीतरी सुटकेचा श्वास सोडला. सिद्रा मात्र उठली नाही.

"ते पाप नाही हो. ते नाही. घंटा ओढताना मी देवाला मनात म्हणाले…" ती थांबली. छताकडे बघण्याचं मी विसरले. "मी म्हणाले, तुमच्या दोघांपैकी एकालाच उठायचं असेल, तर तू नको उठूस. तू मेलेला राहा. तिला उठू दे."

फादर गळ्यातल्या पट्ट्याची किनार बोटानं चोळत राहिला.

"भीतीच्या भरात माणूस काहीही म्हणतं," शेवटी तो म्हणाला. "तुम्हाला आता त्याचा पश्चात्ताप होतोय ना?"

"मला भीती वाटते, फादर. काल दुपारपासून माझा डोळा लागला नाही. त्यानं ऐकलं असेल तर?"

"भीतीचं नाही विचारलं मी. पश्चात्ताप होतोय का?"

सिद्रानं मान वळवली. जेसिल बाकावर टाचेची पट्टी नीट करत होती, तिला काही ऐकू गेलं नव्हतं. सिद्रा तिच्याकडे बघत राहिली.

"नाही," ती म्हणाली.

"नांग, नुसतं हो म्हणा. मनापासून प्रयत्न करा. पश्चात्ताप नसेल तर मी क्षमा कशी देऊ?"

"पुन्हा तशी वेळ आली तर मी पुन्हा तेच म्हणेन, फादर. त्याच्यासमोर खोटं बोलायची मला भीती वाटते." तिनं फुटलेल्या गुडघ्यांवर हात टेकले. "मग राहू दे क्षमा."

ती उठली. बाकांना धरत धरत दारापर्यंत गेली आणि पोरीशेजारी बसली. फादर माझ्याकडे बघत होता. माझा नंबर होता. मी गुडघे टेकले, आणि मला माझं एकही पाप आठवेना.